रस्ता कोणाच्या नावावर?

पाऊस उघडला की आमचं ऑफिस पाहणीला निघायचं, आणि पाऊस लागला की मॅडम निघायच्या. आमच्यात आणि त्यांच्यात काय अंतर होतं ते एवढ्यावरून कळावं. आम्ही म्हणजे धुळ्याच्या ऑफिसातले दोन-चार कंत्राटी अभियंते. त्यातला मी जळगाव शहरातला, आयुष्यात चिखलाशी फारसा संबंध न आलेला आणि तो येऊ नये अशी इच्छा बाळगणारा. मॅडम म्हणजे आमच्या उपअभियंता, निवृत्तीला आलेल्या. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांचे रस्ते बघायचे आणि त्यांची देखभाल पुढे टिकेल का ते सांगायचं, असं आमचं काम होतं. ठेकेदाराकडची देखभालीची मुदत संपली की त्या रस्त्याला वाली कोण, एवढाच खरा प्रश्न. कागदावर मात्र या कामाला दीड ओळीचं भारदस्त नाव होतं. मॅडम त्याला ‘विचारपूस’ म्हणायच्या.

आभाळ भरून आलं की सकाळीच त्यांचा फोन यायचा. चांगला लागलाय, निघू या, असं त्या म्हणायच्या. जणू आंबे चांगले लागलेत. मी चहाचा कप हातात धरून काहीतरी सबब शोधायचो. जीप बंद आहे म्हणावं, तर त्या जीपने जायच्याच नाहीत. सर्दी झालीय म्हणावं, तर त्यांच्या पिशवीत सुंठ असायची. शेवटी मी चरफडत स्टँडवर पोहोचायचो, तेव्हा त्या आधीच येऊन उभ्या असायच्या. सुती साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि खाली पुरुषी मापाचे काळे गमबूट. हे बूट त्यांनी दोंडाईच्याच्या बाजारात घेतले होते. बायकांच्या मापाचे तिथे नव्हतेच, म्हणून पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले असायचे. काखेत लांब दांड्याची छत्री असायची. ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. ती रस्त्याकडेच्या चरात आणि मोरीत खुपसून बघायला होती. डोक्यावर धरायला नव्हती.

उन्हात रस्ता बघणं म्हणजे लग्नाच्या फोटोवरून संसार कसा चाललाय ते सांगणं, असं त्यांचं मत होतं. आम्हाला मोबाइलवर रस्त्याचे फोटो काढून पाठवावे लागत. फोटोत जागा, वेळ सगळं आपोआप उमटायचं आणि सगळे रस्ते देखणे दिसायचे. मॅडम ते फोटो बघायच्या, छान आहेत म्हणायच्या आणि पाऊस लागला की पुन्हा त्याच रस्त्यावर घेऊन जायच्या. मला याचा मनापासून राग यायचा. माझे फोटो खरोखरच चांगले असत.

एसटीत त्या शेवटच्या बाकावर, नेमक्या मागच्या चाकाच्या वर बसायच्या. पुढची जागा रिकामी असली तरी तिथेच. जीपच्या गादीवर बसून रस्ता कळत नाही, तो पाठीच्या मणक्याला कळला पाहिजे, असा त्यांचा हिशोब. मग त्या डोळे मिटायच्या. आम्हाला वाटायचं, झोपल्या. तोवर आवाज यायचा, इथे साइडपट्टी खचलीय. इथे खाली पाणी मुरतंय. उतरून बघावं तर बऱ्याचदा खरं निघायचं. बऱ्याचदा म्हणतो, नेहमी नाही. एकदा एरंडोलच्या पुढे त्यांनी रस्ता आतून पोखरलाय असं ठणकावून सांगितलं. आम्ही भर पावसात उतरलो, तर बसच्याच स्प्रिंगचा पाटा तुटलेला होता. ड्रायव्हर हसला, कंडक्टर हसला आणि मी तर पोट धरून हसलो. मॅडम अजिबात हसल्या नाहीत. पाटा रस्त्यात नेमका कुठे तुटला ते त्यांनी ड्रायव्हरला खोदून खोदून विचारलं आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला त्या रस्त्यावर नेलं. माझं हसणं दिवसभर अंगाशी आलं.

गावात शिरल्यावर त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा. मोरीचं तोंड कोण उघडतं? रस्त्याखालून पाणी पलीकडे जायला जी सिमेंटची नळी टाकलेली असते, ती ही मोरी. तिच्या तोंडाशी पाचोळा, काटक्या, गुटख्याच्या पुड्या, गाळ असं सगळं येऊन बसतं. तोंड बुजलं की पाणी रस्त्यावर चढतं आणि एकदा चढलं की कितीही चांगलं डांबर असो, ते खाऊन टाकतं. हे आम्ही सगळे कॉलेजात शिकलो होतो. पण ते तोंड उघडणारा माणूस कोण, हा प्रश्न आमच्या परीक्षेला कधी आला नव्हता. गावातले लोक ग्रामपंचायत म्हणायचे, ठेकेदार म्हणायचे, वरून माणसं येतात म्हणायचे. मॅडम म्हणायच्या, नाव सांगा. मग सगळे एकमेकांकडे बघायचे. आमच्या तक्त्यात ‘देखभालीची जबाबदारी’ असा एक रकाना होता. त्यात कुठल्यातरी कार्यालयाचं नाव घालून आम्ही मोकळे व्हायचो, मॅडमना मात्र तिथे जिवंत माणसाचं नाव लागायचं. ते नसेल तर रस्ता कितीही काळाभोर आणि गुळगुळीत असो, त्यांचा शेरा एकच: टिकणार नाही.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं ते त्यांनीच एकदा शेवभाजी खाता खाता सांगितलं. त्या एरंडोलकडच्या एका बौद्ध कुटुंबातल्या. वडील सरकारी मैलकुली होते. पूर्वी मोठ्या रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यावर एक मैलकुली असायचा. खड्डे बुजवायचे, चर मोकळे करायचे, कडेची वेडी बाभूळ तोडायची, हे त्याचं काम. वडील आजारी पडले की आई जायची, आई थकली की या बहिणी जायच्या. तो तुकडा माझ्या बापाच्या नावावर होता, असं त्या म्हणाल्या. सातबारा असल्यासारखं म्हणाल्या. मैलकुली हळूहळू निवृत्त होत गेले, त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि रस्ते कोणाच्याच नावावर राहिले नाहीत. एवढं सांगून त्यांनी रश्शाची वाटी पुन्हा भरून घेतली.

असल्या माणसाला समारंभाला बोलवू नये. पण एका नव्या रस्त्याच्या उद्घाटनाला कोणीतरी ती चूक केली. मांडव, हार, लाऊडस्पीकर, पुढारी, सगळा थाट होता. पुढाऱ्यांनी फीत कापली आणि मॅडमना दोन शब्द बोलायला सांगितलं. मॅडम माइकसमोर गेल्या, रस्ता चांगला झालाय म्हणाल्या आणि पुढच्या वर्षी साइडपट्टीवरची बाभूळ कोण तोडणार, असं त्यांनी थेट पुढाऱ्यांकडे बघून विचारलं. पुढारी हसले. लोकही हसले. मॅडम उत्तराची वाट बघत माइकसमोर उभ्याच राहिल्या. शेवटी सूत्रसंचालकाने आभार मानून टाकले. त्यानंतर त्यांना कुठल्याच उद्घाटनाचं बोलावणं आलं नाही, आणि त्यात त्यांना काही वावगंही वाटलं नाही.

माझ्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा मीही त्यांना बोलावलं होतं. माझी बायको सगळ्यांना न्हाणीघरातल्या नव्या टाइल्स कौतुकाने दाखवत होती. मॅडमनी तांब्याभर पाणी मागितलं. तिला वाटलं, प्यायला हवंय. मॅडमनी ते न्हाणीघराच्या फरशीवर ओतलं आणि दारात उभ्या राहून ते कुठे जातं ते बघत राहिल्या. पाणी भोकाकडे न जाता नेमकं उलट्या कोपऱ्यात जाऊन थांबलं. ढाळ उलटा पडलाय, असं त्या शांतपणे म्हणाल्या आणि जेवायला बसल्या. बायकोने त्यांना वाढलं, दोनदा आग्रहही केला, पण ते पाणी ती विसरलेली नाही. अजून त्या कोपऱ्यात पाणी साचतं आणि अजून मॅडमचं नाव निघतं.

हे सगळं मी आज हसत सांगतोय. पण त्यांच्या या हट्टाची मला एकदा खरोखर भीती वाटली, ती साक्रीच्या पलीकडे, डोंगराकडच्या एका गावात.

गाव लहान. कोरडवाहू जमीन, बाजरी, मका, पाणी पुरलं तर कांदा. गावापर्यंत जाणारा रस्ता एकच, आणि त्याची देखभालीची मुदत संपत आली होती. आमच्या पाहणीत तो पास झाला तर पुढच्या देखभालीच्या यादीत राहणार होता, नाहीतर यादीतून जाणार होता. तिथल्या एका वळणावर मोरी होती आणि तिच्याजवळची साइडपट्टी पावसाने कुरतडत आणली होती. आगारातून निरोप आला होता की कडा आणखी ढासळली तर बस गावात येणार नाही, खाली फाट्यावरूनच परत फिरेल. त्या बसने गावातल्या मुली साक्रीला कॉलेजात जात. फाट्यापासून गाव डोंगराच्या अंगाने बरंच लांब. बस फाट्यावर थांबली तर मुली घरी बसणार, हे कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. त्यातली एक सुमनअक्काची मुलगी, बारावीला होती. सुमनअक्का म्हणजे शेतमजुरी करणारी, काटक, कमी बोलणारी बाई. नवरा ऊसतोडीला गुजरातेत जायचा. मुलगी घरी बसली तर तिलाही टोळीबरोबर न्यायचं, असं त्याचं ठरलेलं होतं.

मोठ्या बाई पाहणीला येणार म्हटल्यावर गावाने जंगी तयारी केली. बाईंची गाडी उभी राहायला जागा हवी, मांडव घालायला जागा हवी. मोरीच्या अलीकडे, पाणी तिच्या तोंडाकडे नेणारा, रस्त्याच्या कडेचा चर होता, तो त्यांनी मुरूम टाकून बुजवला, धुमसून सपाट केला, त्यावर मांडव घातला आणि पुढे रांगोळी काढली. रस्ता रुंद दिसेल तर बाई खूश होतील, असाही एक विचार त्यात होता. चराला लागून धनराजभाऊंचं वावर होतं. ट्रॅक्टर आत न्यायला त्यांनी आधीच थोडी माती टाकून वाट केली होती, आता आयतीच मोठी झाली. म्हणजे ज्या चरामुळे रस्ता जगायचा तो चर गावाने रस्त्याच्या पाहणीसाठीच गाडला. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं.

मॅडम गाडीने आल्याच नाहीत. आम्ही नेहमीप्रमाणे एसटीतून, भर पावसात, मांडवासमोर उतरलो. हार आला, शाल आली, नारळ आला. सरपंचांनी भाषण सुरू केलं आणि तेवढ्यात डोंगरावरून पाणी आलं. जायला चर नाही, म्हणून ते मांडवात शिरलं, रांगोळी घेऊन रस्त्यावर चढलं आणि पलीकडच्या कुरतडलेल्या कडेवरून खाली कोसळू लागलं. आमच्या डोळ्यांदेखत कडेचं एक मोठं ढेकूळ निसटून गेलं. सरपंच थांबले. मॅडमनी गळ्यातला हार काढून माझ्या हातात दिला, मांडवामागे टेकवलेलं कुदळ-फावडं शोधलं आणि खुर्च्या बाजूला सारून मांडवाच्या मधोमध खणायला सुरुवात केली. थोडा वेळ सगळे बघत राहिले. मग सुमनअक्काने टोपली उचलली. मग पुरुष आले. मीही आलो, कारण हार घेऊन उभं राहायची लाज वाटायला लागली होती. पाणी चराला लागलं तेव्हा आमच्या सगळ्यांचे कपडे एकाच रंगाचे झाले होते.

चर मोकळा झाला आणि धनराजभाऊंचा पारा चढला. त्यांची अडचण खोटी नव्हती.

“बाई, मन्हा ट्रॅक्टर वावरमा कसा जाई?”

मॅडम एरंडोलकडच्या, खान्देशी बोली त्यांच्या घरातलीच. त्या चिडल्या नाहीत. चरात उतरल्या, इकडून तिकडे चालल्या आणि तिथे दगडांची फरशी बांधू म्हणाल्या. नाल्यावर असते तशीच, पण छोटी. चराचा तळ तसाच ठेवायचा, दोन्ही काठ उतरते करायचे आणि त्यावर हाताने दगड बसवायचे. पाणी फरशीवरून जाईल आणि ट्रॅक्टरही फरशीवरून जाईल. दगड डोंगरात हवे तितके होते आणि बांध रचायची सवय सगळ्या गावाला होती. धनराजभाऊ कुरकुरले, पण पुढच्या काही दिवसांत फरशी झाली, आणि चाकं घसरतात का ते बघायला पहिला ट्रॅक्टर त्यांनीच घातला.

फरशी झाल्यावर आम्ही पुन्हा गावात गेलो. मला वाटलं, संपलं. चर मोकळा झाला, फरशी झाली, गाव राबलं, आता चांगला शेरा लिहावा आणि गरम चहा घ्यावा. सरपंचांनाही तसंच वाटलं. पण मॅडमनी पारावर सगळ्यांना बसवलं आणि तक्ता काढला. मोरीचं तोंड कोण उघडतं?

सरपंचांनी धनराजभाऊंकडे बघितलं, धनराजभाऊंनी चराकडे. मी मॅडमच्या कानाशी लागून सांगितलं की यांनी एवढं केलंय, या वेळी तो रकाना सोडा. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. सुमनअक्का मागे बायकांत उभी होती, ती पुढे आली.

“बाई, चांगलं लिखी द्या. गाडी बंद व्हयनी ते मन्ही आंडेर घर बसी जाई.”

आंडेर म्हणजे मुलगी. ती मुलगी तिथेच, दप्तर पोटाशी धरून उभी होती. मॅडमनी अक्काला जवळ बसवून घेतलं.

“मी लिखी दिसू, अक्का. पन पुढला पानीमा रस्ता वाही गया ते? गाडीवाला मन्हा कागद देखी का रस्ता देखी?”

धनराजभाऊ म्हणाले, काळजी करू नका, बठ्ठं गाव करी. मॅडमनी नाही अशी मान हलवली. अख्खं गाव म्हणजे कोणीच नाही, असं त्यांनी साध्या मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मला एक नाव द्या. ते मिळेपर्यंत मी इथून उठत नाही, आणि मिळालं नाही तर खोटं लिहीत नाही. मला त्यांचा संताप आला. यादीतून रस्ता गेला की काय होणार ते त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं, तरी ही बाई आपलं खूळ सोडायला तयार नव्हती. आणि त्याच वेळी मला हेही दिसत होतं की त्या हरणार नाहीत. पाऊस लागला. पाराभोवतीचे लोक एकेक करून उठायला लागले.

“मन्हं नाव लिखा,” सुमनअक्का म्हणाली.

पुरुषांमध्ये थोडं हसू झालं. धनराजभाऊंनी विचारलं की एवढ्या पाण्यात कुदळ घेऊन कोण उभं राहणार. अक्का त्यांच्याकडे वळली.

“मीच राहसू, भाऊ. गाडीमा मन्ही पोर जास, तुन्हा ट्रॅक्टर नही.”

मॅडमनी तिचं पूर्ण नाव विचारलं, मधे नवऱ्याचं नाव घालून सावकाश लिहिलं, पुन्हा वाचून दाखवलं आणि खाली शेरा दिला: टिकेल. तिच्यासमोर मोरीत उतरून छत्रीच्या दांड्याने कुठे काय अडकतं ते दाखवलं आणि मग आम्ही निघालो. बसमध्ये त्यांना झोप लागली. त्या दिवशी खरीखुरी लागली होती.

पण खरी लढाई ऑफिसात झाली. वरच्या साहेबांनी तक्ता परत पाठवला. रकान्यात संस्थेचं नाव हवं, बाईचं नाव कसं चालेल? मॅडमनी तोच तक्ता तसाच पुन्हा पाठवला. तो पुन्हा परत आला. पुन्हा गेला. शेवटी साहेबांनी आम्हाला समोर बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हता, त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. त्यांनी समजुतीने सुचवलं की तिथे ‘ग्राम देखभाल समिती’ लिहा, समितीत त्या बाईला घ्या, म्हणजे सगळ्यांचंच भागेल. उद्या ही बाई मेली तर काय करणार, असंही त्यांनी विचारलं.

“ती गेली तर गावाला कळेल, साहेब,” मॅडम म्हणाल्या. “समिती मेलेली कोणालाच कळत नाही.”

साहेबांनी खिशातून पेन काढलं. मग तक्त्यावर सही केली आणि हा प्रकार इतर रस्त्यांना लागू नाही असं बाजूला लिहिलं. मॅडमनी आभार मानले आणि बाहेर आल्याबरोबर मला बाकीच्या रस्त्यांचे तक्ते काढायला सांगितलं. तिथेही नावं घालायची होती. मी कपाळावर हात मारला. पण तक्ते काढले.

त्या वर्षी पाऊस दांडगा झाला. शेजारच्या दोन गावांचे रस्ते तुटले आणि तिथली बस बंद झाली. या गावाची बस चालू राहिली. ड्रायव्हर सांगायचा की आभाळ फाटल्यासारखा पाऊस असला तरी वळणावर ती बाई गोणपाटाची खोळ घेऊन उभी असते, आणि आता तिच्यासोबत कधी कधी एक ट्रॅक्टरवालाही असतो. सुमनअक्काची मुलगी वर्षभर त्या बसने गेली. हे ऐकून मला जो आनंद झाला तो लपवायचं मला काही कारण नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं नाही, बर्फी खाल्ली आणि गेल्या. धुळ्यातच राहत होत्या, पण मला वाटलं होतं तसा त्यांचा फोन काही आला नाही. पाऊस लागायचा आणि मी उगाच मोबाइलकडे बघायचो.

श्रावणात त्या रस्त्याची पुन्हा पाहणी निघाली, आणि ती माझ्याकडे आली. पाऊस होता तरी मी निघालो, निदान एवढी सवय तरी मला लागली होती. वळणाशी जीप थांबवली आणि खाली उतरलो, तर मोरीच्या तोंडाशी मॅडम. हातात कुदळ, गुडघाभर पाण्यात. शेजारी सुमनअक्का आणि तिची मुलगी, दोघी धुतलेल्या साडीत-ड्रेसमध्ये, हातात एक मोठी बॅग. मला काहीच उमगेना. मग हळूहळू कळलं. मुलगी बारावी पास झाली होती आणि तिला धुळ्याच्या एका नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. प्रवेश, हॉस्टेल, कागदपत्रं यांसाठी आईला चार दिवस तिच्याबरोबर जायला हवं होतं. नवरा परगावी कामाला. आणि अक्का जायला तयार नव्हती. रस्त्यावर आपलं नाव लिहिलंय, भर पावसात तो टाकून कसं जायचं, असं तिचं म्हणणं. धनराजभाऊ मी बघतो म्हणाले होते, पण अक्काचा त्यांच्यावर एवढा भरवसा नव्हता. शेवटी मुलीनेच मॅडमना फोन लावला. मॅडम आदल्या दिवशी कपड्यांची पिशवी घेऊन आल्या होत्या आणि अक्काच्या घरी उतरल्या होत्या.

बस आली. वळणावर ड्रायव्हरने सवयीने वेग कमी केला आणि या दोघींसाठी गाडी थांबवली. मुलगी मॅडमच्या पाया पडायला वाकली, तिला त्यांनी चिखलाच्या हातांनी वरच्यावर उचललं. गाडी सुटते आहे, चढ, म्हणाल्या. अक्का खिडकीशी बसली. तिने मुलीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही, ती सगळा वेळ मोरीकडे बघत होती. बस हलली तसं तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“बाई, खालना तोंडले बी हात घाला. तठे काड्या अडकतंस.”

“घालसू, अक्का,” मॅडम म्हणाल्या. “तू जाय. मी शे आठे.”

बस मोरीवरून पलीकडे गेली आणि उताराला लागली. मॅडम लगेच वळल्या, साइडपट्टीवरून खाली उतरल्या आणि अक्काने सांगितलं होतं तिथे, खालच्या तोंडाशी, खांद्यापर्यंत हात घालून काटक्या ओढायला लागल्या. मी तक्ता घेऊन वर उभा होतो. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं की त्या रकान्यात आता नाव कोणाचं घालू.

“अक्का येईपर्यंत माझं लिही,” त्या वर न बघता म्हणाल्या. “ती आली की खोड.”